महापालिकेच्या कामगार कायदा कक्षाचे प्रमुखपद नव्याने आले आहे, चारशे प्रकरणे प्रलंबित आहेत; सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण एका महानगरपालिकेच्या विधी विभागात असून कामगार व सेवाविषयक प्रकरणांच्या कक्षाचे प्रमुखपद नुकतेच आपल्याकडे आले आहे. हाताखाली तीन विधी सहायक आणि एक लिपिक, पॅनेलवर पाच-सहा वकील, आणि कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय व उच्च न्यायालय मिळून सुमारे चारशे प्रकरणे प्रलंबित आहेत. खातेप्रमुख वेळेवर माहिती देत नाहीत आणि विरोधात गेलेल्या प्रत्येक निकालावर ‘वरिष्ठ न्यायालयात आव्हान द्यावे’ असा शेरा ठरलेला असतो. अशा स्थितीत मनुष्यबळ वाढवून मागावे की आधी पॅनेल बदलावे, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते ही दोन्ही कामे नंतरची आहेत. चारशे प्रकरणे म्हणजे चारशे प्रश्न नव्हेत. बहुतेक महापालिकांत हे सारे सात-आठ प्रश्नांवर येऊन थांबते, आणि त्यांतल्या एकाही प्रश्नावर संस्थेने आपली भूमिका ठरवलेली नसते. आरोग्य खाते एका प्रकरणात म्हणते की कामगार आमचाच नाही, घनकचरा खाते दुसऱ्या प्रकरणात म्हणते की कामगार आमचा आहे पण पद मंजूर नाही, आणि तिसऱ्या प्रकरणात आपल्याच वकिलाने त्याच संवर्गातील कामगारांची तडजोड दाखल केलेली असते. न्यायाधीश तेच असतात, समोरची संघटनाही बहुधा तीच असते, त्यामुळे ही विसंगती त्यांच्या ध्यानात आपल्याआधी येते. कक्षप्रमुखाचे काम हे प्रकरणे चालवण्याआधी भूमिका ठरवून घेण्याचे आहे, हे गृहीत धरून पुढचे लिहितो. राज्य शासनाच्या आणि स्थानिक संस्थेच्या, अशा दोन्ही ठिकाणच्या विधी कक्षांत मी काम केले आहे. त्या अनुभवाची मर्यादा या उत्तराला आहेच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी सांगतो. राज्य शासनाच्या विभागात नियमित कर्मचाऱ्याचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील पीठासमोर जातो, तेथे १९८५ च्या अधिनियमातील एक वर्षाची मुदत लागते, आणि आव्हान द्यायचे की नाही याचा निर्णय विधी व न्याय विभागाच्या अभिप्रायाशिवाय होत नाही. त्याच विभागातला रोजंदारी मजूर मात्र औद्योगिक न्यायालयात जातो. सार्वजनिक बांधकाम किंवा पाटबंधारे खाते असेल, तर पाच वर्षांच्या सेवेनंतर रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर घेण्याचा कालेलकर निवाडा मध्ये येतो, आणि तो महापालिकेत नसतो. महापालिकेत निर्णय आयुक्तांच्या पातळीवर होऊ शकतो, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे. परंतु पदनिर्मिती आणि आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा) यांना राज्य शासनाची मान्यता लागते, त्यामुळे न्यायालयात पदाचे आश्वासन देण्याचा अधिकार ना आपल्याला असतो ना आयुक्तांना. संस्था ‘ड’ वर्ग महापालिका आहे की मोठी, कामगार संघटना एक आहे की पाच, आस्थापना विभागाकडे जुनी मस्टर शिल्लक आहेत की नाहीत, यावर पुढच्या पायऱ्यांचा क्रम बदलेल.

पहिल्या दोन महिन्यांत आपल्या कक्षाने एकच नोंदवही नव्याने तयार करावी. सध्याची नोंदवही बहुधा प्रकरण क्रमांक, पक्षकार, वकील आणि पुढील तारीख अशा चार रकान्यांची असेल. तीत आणखी रकाने घालावेत: नेमकी मागणी काय, कामगाराचा संवर्ग व खाते, कामावर घेतल्याची तारीख व पद्धत, मंजूर पद होते का, मूळ अभिलेख कोणाच्या ताब्यात आहे, अंतरिम आदेश आहे का, आणि हरलो तर किती रक्कम द्यावी लागेल. शेवटचा रकाना भरण्यास मुख्य लेखा व वित्त अधिकारी प्रथम नकार देतील, तरी तो सोडू नये, कारण आयुक्तांशी बोलताना तोच सर्वांत उपयोगी पडतो. हे काम विधी सहायकांकडून करून घ्यावे, कारण प्रत्येक प्रकरण उघडून वाचल्याशिवाय ते होत नाही आणि त्यांनी ते वाचावे हाच त्यातला अर्धा हेतू आहे. नोंदवही पूर्ण झाली की प्रकरणे प्रश्नानुसार लावावीत. कायम करण्याच्या तक्रारी, ठेकेदारामार्फतचे कामगार, बडतर्फी व शिक्षा, उपदान (ग्रॅच्युइटी) व वेतनफरक यांसारखी पैशांची प्रकरणे, सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार किंवा अनुकंपा तत्त्वावर वारसांच्या नेमणुका, आणि ज्येष्ठता व पदोन्नती, असे गट बहुतेक ठिकाणी पडतात.

सर्वांत मोठा गट कायम करण्याच्या तक्रारींचा असेल, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. महाराष्ट्रात या तक्रारी महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध (एमआरटीयू आणि पीयूएलपी) अधिनियम, १९७१ च्या अनुसूची ४ मधील बाब ६ खाली येतात. कामगारांना बदली, हंगामी किंवा तात्पुरते म्हणून नेमायचे आणि कायम कामगारांचे लाभ मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे तसेच ठेवायचे, ही अनुचित कामगार प्रथा आहे असे ती बाब सांगते. जोडीला बाब ५, म्हणजे पक्षपात, आणि बाब ९, म्हणजे करार किंवा निवाड्याची अंमलबजावणी न करणे, यांचाही उल्लेख असतो. आपल्या बाजूने लेखी कैफियतीत गेली अनेक वर्षे एकच परिच्छेद उतरवला जातो: उमादेवी प्रकरणातील २००६ च्या घटनापीठाच्या निकालानुसार मागल्या दाराने नेमलेल्यांना कायम करता येत नाही. हा परिच्छेद चुकीचा नाही, पण एवढ्यावर तक्रार फेटाळली जाईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने पुढचे निकाल वाचलेले नसतात.

पुढचे निकाल दोन्ही दिशांना जातात आणि कक्षातील प्रत्येकाला ते क्रमाने ठाऊक हवेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले की पदेच मंजूर नसतील, तर कायम न करण्याला बाब ६ खालील अनुचित प्रथा म्हणता येणार नाही. राज्य परिवहन महामंडळाविरुद्ध कास्ट्राईब संघटनेच्या २००९ च्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की उमादेवी निकालाने औद्योगिक व कामगार न्यायालयांचे या अधिनियमाखालील अधिकार हिरावून घेतलेले नाहीत. अनुचित प्रथा सिद्ध झाली तर ती न्यायालये कायम करण्याचा आदेश देऊ शकतात. मात्र पदेच नसताना तसा आदेश देता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. नमुना स्थायी आदेशांतील ४-सी या खंडावर, म्हणजे २४० दिवसांच्या सेवेनंतर कायम होण्याच्या हक्कावर, आधारलेली मागणी असेल तर तिरोडा नगरपरिषदेच्या प्रकरणातील मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आपल्या उपयोगाचा आहे. आणि मग डिसेंबर २०२४ मधील जग्गो निकाल व जानेवारी २०२५ मधील गाझियाबाद नगर निगमाच्या माळ्यांचा निकाल येतो. या दोन्हींत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उमादेवी निकाल ही दीर्घकाळ बारमाही काम करून घेणाऱ्या संस्थेची ढाल होऊ शकत नाही. गाझियाबादचा निकाल तर महापालिकेच्याच विरोधात आहे, त्यामुळे समोरचा वकील तो पहिल्याच तारखेला दाखल करील.

या सर्वांचा अर्थ असा की आता लढत कायद्याच्या परिच्छेदावर होत नाही, ती तीन वस्तुस्थितींवर होते: काम बारमाही आहे का, मंजूर व रिक्त पद होते का, आणि कामगार सलग होता का. पहिल्या प्रश्नावर सफाई, पाणीपुरवठा आणि मलनिःसारण या खात्यांत वाद घालण्यात अर्थ नाही. तो घातला की आपल्या साक्षीदाराची उलटतपासणी दहा मिनिटांत संपते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकृतिबंधाच्या शासन निर्णयात आणि बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणनिहाय पदांच्या नोंदवहीत, असते, आणि ते त्या त्या वर्षाचे लागते, आजचे नव्हे. कामगार ज्या वर्षी लागला त्या वर्षी पद रिक्त असूनही भरले नव्हते असे दिसले, तर ‘पद नाही’ हा बचाव आपल्याविरुद्धच जातो. तिसऱ्या प्रश्नावर २४० दिवस सिद्ध करण्याचा प्राथमिक भार कामगारावर असतो हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे. तरी कामगाराने शपथेवर साक्ष दिली, मस्टर हजर करण्याचा अर्ज केला, आणि आपण मस्टर ‘सापडत नाही’ असे उत्तर दिले, की मस्टर आपल्याविरुद्ध बोलत होते असे अनुमान निघण्याची वाट मोकळी होते. मस्टर वाळवीने खाल्ले असेल तर तसा पंचनामा तयार असावा लागतो. तो प्रकरण दाखल झाल्यानंतरच्या तारखेचा असेल, तर न सादर करणे बरे.

म्हणून माझा आग्रह असा असे की कायम करण्याच्या प्रकरणांत प्रत्येक संवर्गाचे एकच टिपण तयार करावे, वकिलाने आपापल्या प्रकरणासाठी स्वतंत्र कैफियत रचू नये. त्या टिपणात आकृतिबंध, रिक्त पदांचा वर्षनिहाय तक्ता, भरतीची जाहिरात निघाली होती का, आणि त्याच संवर्गातील आधीचे निकाल एवढे असावे. हे टिपण तयार करताना बऱ्याचदा लक्षात येते की वीस कामगारांपैकी बारांचे प्रकरण भक्कम आहे आणि आठांचे नाही. असे दिसले की आयुक्तांपुढे प्रस्ताव मांडण्याची वेळ आली असे समजावे. बारांच्या बाबतीत पद उपलब्धतेनुसार, ज्येष्ठतेने सामावून घेण्याची योजना शासनाच्या मान्यतेसाठी पाठवायची आणि आठांच्या बाबतीत पूर्ण ताकदीने लढायचे. सरसकट लढल्याने त्या आठांनाही बारांचा निकाल मिळतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

ठेकेदारामार्फतच्या कामगारांचा गट वेगळा ठेवावा. तेथे पहिला प्रश्न मालक कोण हा असतो, आणि मालक-कामगार संबंधच वादग्रस्त असेल तर १९७१ च्या अधिनियमाखालील तक्रार चालत नाही, आधी तो संबंध औद्योगिक विवादात सिद्ध व्हावा लागतो, असे सिप्ला प्रकरणात २००१ मध्ये ठरले आहे. हा प्राथमिक आक्षेप योग्य तेथे जरूर घ्यावा. पण तो घेऊन निश्चिंत होऊ नये, कारण संघटना विवाद न्यायाधिकरणात नेते आणि तेथे कंत्राट केवळ दिखाऊ होते का हे पुराव्याने तपासले जाते. मुंबई महानगरपालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांच्या प्रकरणात नेमके हेच घडले. २,७०० कामगारांना कायम करण्याचा २०१४ चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कायम ठेवला. हजेरी आपला मुकादम घेतो, कामाची वाटणी आपला स्वच्छता निरीक्षक करतो, ठेकेदार दर वर्षी बदलतो आणि कामगार तेच राहतात, अशी स्थिती असेल तर निविदेतील अटी कितीही नीट लिहिलेल्या असल्या तरी त्या तारणार नाहीत. हे खात्याला निविदा काढण्यापूर्वी लेखी कळवणे हे आपल्या कक्षाचे काम आहे.

आता माहिती न मिळण्याविषयी. परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवणारे पत्र जावक करून स्मरणपत्रे पाठवत राहणे ही पद्धत सर्वत्र आहे आणि ती सर्वत्र निष्फळ ठरते. खात्यातील लिपिकाला तक्रार अर्जातील परिच्छेद कळत नाहीत; तो ‘परिच्छेद ३ मधील मजकूर अमान्य आहे’ असे लिहून मोकळा होतो, आणि आपला वकील तेच इंग्रजीत लिहून दाखल करतो. अमान्य काय आणि का, हे कोणालाच ठाऊक नसते. मी पुढे अभिप्राय मागवणे बंद करून प्रश्न पाठवू लागलो: या व्यक्तीचे नाव कोणत्या मस्टरवर आहे, पहिली व शेवटची तारीख कोणती, वेतन कोणत्या लेखाशीर्षातून दिले, कामावरून कमी करण्याचा आदेश आहे का, नोटीस व भरपाई दिली का, सोबत कोणती कागदपत्रे जोडत आहात. एका पानात मावतील एवढेच प्रश्न असावेत आणि शेवटी उत्तर देणाऱ्याचे नाव, पदनाम व सही असावी, कारण हाच माणूस पुढे साक्षीदार म्हणून उभा राहणार आहे. नावाने सही करायची म्हटली की उत्तरे अधिक काळजीपूर्वक येतात. महत्त्वाच्या प्रकरणांत विधी सहायकाने स्वतः खात्यात जाऊन आस्थापना लिपिकाशेजारी बसावे. सेवापुस्तक आणि मूळ फाइल स्वतः पाहण्याला पर्याय नाही.

त्याचबरोबर खात्याला घातक ठरणारा कागद सापडला तर तो बाजूला ठेवण्याची विनंती केव्हा ना केव्हा आपल्याकडे होईल. तेथे उत्तर ठाम असावे. तो कागद माहितीच्या अधिकारात संघटनेकडे आधीच गेलेला असतो, हे व्यावहारिक कारण आहे. पण त्यापलीकडे, राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ खाली, म्हणजे ‘राज्य’ या संज्ञेत, येणाऱ्या संस्थेचा वकील खासगी कारखानदाराच्या वकिलासारखा वागू शकत नाही, असे मी मानतो. वाईट कागद असेल तर तो आपणच, आपल्या स्पष्टीकरणासह दाखल करावा किंवा प्रकरण मिटवावे.

शिस्तभंगाच्या प्रकरणांत बहुतेक हानी न्यायालयात येण्यापूर्वीच झालेली असते. चौकशी अहवालाची प्रत देऊन म्हणणे मागवले नाही, चौकशी अधिकाऱ्यानेच साक्षीदारांना सूचक प्रश्न विचारले, किंवा अंतिम आदेशात कारणेच नाहीत, हे दोष नेहमीचे आहेत. अहवालाची प्रत देण्याचा नियम १९९३ च्या करुणाकर निकालापासून पक्का आहे, तरी तो आजही चुकतो. म्हणून बडतर्फीचा किंवा सक्तीच्या निवृत्तीचा कोणताही आदेश निघण्यापूर्वी फाइल आपल्या कक्षाकडे एकदा यावी, असे परिपत्रक आयुक्तांच्या सहीने काढून घ्यावे.

न्यायालयात एक गोष्ट मात्र कधीही चुकू देऊ नये. कामगार न्यायालयात चौकशी सदोष ठरली, तरी मालकाला गैरवर्तन न्यायालयासमोर नव्याने पुराव्याने सिद्ध करता येते. परंतु ही मुभा लेखी कैफियतीतच मागून ठेवावी लागते. कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात घटनापीठाने २००१ मध्ये हेच स्पष्ट केले. ते एक वाक्य कैफियतीत नसल्यामुळे अपहाराची सिद्ध होऊ शकणारी प्रकरणे मागील वेतनासह हातची जातात. आपल्या विधी सहायकांनी शिस्तभंगाच्या सर्व प्रलंबित प्रकरणांच्या कैफियती या एकाच मुद्द्यासाठी तपासाव्यात आणि जेथे वाक्य नाही तेथे दुरुस्तीचा अर्ज लगेच द्यावा. मागील वेतनाच्या बाबतीतही असेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर, जो अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणातून महाराष्ट्रातूनच गेला होता, कामगाराने आपण बेरोजगार होतो असे शपथेवर सांगितले की तो दुसरीकडे कमावत होता हे दाखवण्याचा भार मालकावर येतो. त्याची चौकशी करण्यास खात्याला प्रकरण दाखल होताच सांगावे, निकालाच्या वेळी नव्हे.

इथवरचे सार एवढे की प्रश्नानुसार गट करायचे, प्रत्येक संवर्गाची भूमिका एकदा ठरवायची, आणि कागद स्वतः पाहिल्याशिवाय कैफियत जाऊ द्यायची नाही. आता निकालानंतरच्या गोष्टींकडे येतो.

‘वर जा’ हा शेरा का येतो हे समजून घ्यावे. आव्हान दिल्याबद्दल कोणाही अधिकाऱ्याची चौकशी होत नाही, न दिल्याबद्दल होऊ शकते. लेखापरीक्षणात आक्षेप येऊ शकतो. या भीतीवर उपदेश चालत नाही, लेखी अभिप्राय चालतो. निकाल मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत, समजा पंधरा दिवसांत, कक्षाचा अभिप्राय आयुक्तांपुढे गेला पाहिजे आणि त्यात चार गोष्टी असाव्यात: निकालात कायद्याची चूक आहे की फक्त पुराव्याचे मूल्यमापन आपल्याला पटलेले नाही, त्याच संवर्गातील पूर्वीच्या निकालांचे काय झाले, आव्हान दिल्यास दरमहा वाढणारी रक्कम किती, आणि माझी शिफारस. अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या न्यायालयांवरील देखरेखीच्या अधिकारात, उच्च न्यायालय पुराव्याची फेरतपासणी करीत नाही, हे प्रत्येक अभिप्रायात लिहावे लागले तरी लिहावे. शिफारस ‘योग्य तो निर्णय व्हावा’ अशी कधीही करू नये. आयुक्तांना आव्हान न देण्याच्या निर्णयासाठी पाठीशी सही हवी असते, आणि ती देण्यासाठीच आपण त्या खुर्चीवर आहोत.

पैशांच्या प्रकरणांत हा हिशोब अगदी उघड असतो. आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या गेलेल्या उपदान अधिनियम, १९७२ खालील आदेशाविरुद्ध अपील करताना उपदानाची रक्कम आधी जमा करावी लागते, अपिलाची मुदत साठ दिवसांची आणि ती फार तर आणखी साठ दिवसांनी वाढते. उशिरा दिलेल्या उपदानावर दसादशे दहा टक्के सरळव्याज चालू राहते. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना हा अधिनियम लागू नाही असा बचाव आजही घेतला जातो, तरी सर्वोच्च न्यायालयाने कानपूर महापालिकेच्या प्रकरणात २०१९ मध्ये त्याचे उत्तर दिलेले आहे. अशा प्रकरणांत वकिलाच्या शुल्काएवढीही बचत होत नाही. त्याच संहितेत सामावल्या गेलेल्या कर्मचारी भरपाईच्या अधिनियमाखाली तर रक्कम देय झाल्यापासून एका महिन्यात न दिल्यास बारा टक्के व्याज आणि वर दंडाची तरतूद आहे. याउलट मागणी जुन्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या, येणे रक्कम वसुलीच्या कलम ३३-सी(२) खालची असून हक्कच आधी ठरलेला नसेल, तर तेथे आग्रहाने लढावे. त्या कलमाखाली नवा हक्क ठरवून घेता येत नाही. आव्हान द्यायचेच ठरले तर ते मुदतीत द्यावे. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती हे विलंबाचे कारण शासनाच्या बाबतीतही चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच टपाल खात्याला सुनावले आहे.

अंमलबजावणीचा रकाना नोंदवहीत लाल अक्षरांत असावा. आव्हान दिले म्हणजे स्थगिती मिळाली असे खाती समजतात. स्थगिती नसेल तर आदेश पाळावा लागतो. १९७१ च्या अधिनियमाच्या कलम ४८ खाली आदेशभंगाला तुरुंगवासाची तरतूद आहे आणि ती तक्रार नावानिशी अधिकाऱ्यावर होते. अधिकाऱ्यांना न्यायालयात बोलावण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ रोजी कार्यपद्धती घालून दिली असून ती अधिकाऱ्यांना दिलासा देणारी आहे. पण आदेश जाणूनबुजून डावलल्याचे दिसले तर तिचा आधार घेता येत नाही.

माणसांविषयी. आपल्याला आणखी एक विधी सहायक मिळाला तर नको म्हणू नये, पण मागायचाच झाला तर आस्थापना विभागात मुरलेला एक अधीक्षक किंवा वरिष्ठ लिपिक कक्षाकडे मागावा. ज्याला १९९० च्या दशकातील मस्टर कोणत्या गोदामात आहेत आणि कोणत्या शासन निर्णयाने कोणता संवर्ग बदलला हे ठाऊक आहे, असा माणूस दोन पदवीधरांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. विधी सहायकांना न्यायालयनिहाय न वाटता प्रश्नानुसार वाटावे. एकाने शिस्तभंग, एकाने कायम करण्याच्या तक्रारी, एकाने रकमेची प्रकरणे. वर्षभरात त्या विषयात ते पॅनेलच्या वकिलाला प्रश्न विचारण्याइतके तयार होतात. पॅनेलबाबत माझे मत कडक आहे: जो वकील साक्षीदाराला तारखेच्या आदल्या दिवशी भेटत नाही त्याला कामगार न्यायालयाचे काम देऊ नये, मग त्याचे उच्च न्यायालयातील नाव कितीही मोठे असो. कामगार प्रकरणे खाली, पुराव्याच्या टप्प्यावर ठरतात, आणि आपल्याकडील शुल्करचना नेमकी उलट, वरच्या न्यायालयाला झुकते माप देणारी असते. ती बदलण्याचा प्रस्ताव वेळ घेईल, तरी पाठवावा.

संघटनांशी संबंध औपचारिक पण खुले असावेत. तडजोडीची बोलणी आपण एकट्याने, तोंडी करू नयेत. कामगार कल्याण अधिकारी व लेखा विभागाचा प्रतिनिधी सोबत असावा आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त व्हावे. आर्थिक भार असलेली तडजोड सक्षम मान्यतेनंतरच न्यायालयात दाखल करावी. दाखल करून मागाहून मान्यता घेऊ म्हटले आणि ती मिळाली नाही, तर बाब ९ खाली नवी तक्रार उभी राहते आणि तिला बचाव नसतो.

शेवटी नव्या संहितांविषयी, कारण आपल्या कक्षाला पुढील दोन-तीन वर्षे याच प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्यावा लागेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ त्यांपैकी एक आहे; १९७१ चा आपला राज्य अधिनियम रद्द झालेल्यांच्या यादीत नाही. मात्र अनुचित कामगार प्रथांची यादी औद्योगिक संबंध संहितेतही असल्यामुळे दोन्हींचा मेळ कसा लावायचा यावर वाद होणारच, आणि आपल्या प्रत्येक जुन्या प्रकरणात व्यावृत्ती कलम, म्हणजे जुन्या कायद्याखालील कार्यवाहीचे पुढे काय हे सांगणारे कलम, आधी वाचूनच अर्ज करावा लागेल. ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येत सार्वभौम कार्ये आता स्पष्टपणे वगळली आहेत. तेवढ्यावरून सफाई किंवा पाणीपुरवठा खात्याला उद्योग नाही म्हणण्याचा मोह वकिलांना होईल. ‘उद्योग’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावणाऱ्या १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा निकालानंतर महापालिकेच्या अशा सेवांबाबत तो बचाव टिकवणे किती कठीण गेले आहे, याची त्यांना आठवण द्यावी. समेट अधिकाऱ्याकडे वाद नेण्याची मुदत आता दोन वर्षांची आहे, ती नोंदवहीत घ्यावी. आणि निश्चित मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला आता एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क मिळतो. आरोग्य खात्यातील डॉक्टर व परिचारिका, शिक्षण खात्यातील ठोक मानधनावरील शिक्षक यांचे अकरा महिन्यांचे आदेश आजही जुन्या नमुन्यावर निघत आहेत, मध्ये एक दिवसाचा खंड दाखवून. पुढची जाहिरात निघण्यापूर्वी तो नमुना खात्याकडून मागवून घ्यावा आणि आपल्या कक्षात नव्याने लिहावा.